शेणाच्या बदल्यात वाट

माणूस म्हणजे काही मेंढरू नाही, की संध्याकाळी वाघरीत घातलं आणि सकाळपर्यंत गप बसलं. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती ताणायची जाळी. पण कृष्णाबाईंना त्यांच्या लेकानं अमेरिकेत आणलं आणि नेमकं तेच केलं. इथली वाघर काचेची होती, आतून थंडगार होती, आणि दार उघडायला आकडे दाबावे लागत. बरं, उघडून जायचं कुठं? फ्रिस्को नावाच्या ह्या गावातले रस्ते एवढे रुंद, की पलीकडच्या माणसाला हाक मारायची सोय नाही, आणि माणूस असलाच तर गाडीत, काचा वर करून. एकदा कृष्णाबाई डोक्यावर पदर घेऊन नुसत्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या, तर एक गोरी बाई गाडी थांबवून काहीबाही विचारायला लागली. कृष्णाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मराठी शाळासुद्धा त्यांनी दुसरीत सोडलेली. पण बाईच्या तोंडावरची कीव त्यांना न अडखळता वाचता आली. त्या दिवसापासून त्यांनी कोपरा सोडला.

मग अंगण उरलं. अंगणात त्यांनी कुरडया वाळत घातल्या, तर कॉलनीच्या कमिटीचा माणूस येऊन दारावर चिठ्ठी लावून गेला. पुढच्या हिरवळीवर खायच्या वस्तू ठेवायच्या नाहीत.

"खायच्या वस्तू ठेवायच्या न्हाईत, मग ते गवत कशापायी पाळलंय?" कृष्णाबाईंनी लेकाला विचारलं. "ना शेरडू, ना मेंढरू. पाणी पाजायचं, कापायचं, आणि टाकून द्यायचं. येडीच हायती."

सिद्धेश हसला आणि लॅपटॉप काखोटीला मारून ऑफिसला गेला. परतीचं तिकीट काढ म्हटलं की त्याचं एकच, "आई, अजून थोडे दिवस थांब ना, तिकडं पाऊस नाही, ऊन आहे." आणि इथं काय चांदणं पडलंय, असं कृष्णाबाईंच्या ओठावर यायचं. बाहेर डांबर पाघळत होतं.

घरात दिवसभर दोघीच. सून आश्लेषा खालच्या खोलीत दार लावून मीटिंगा करायची. मूळची बारामतीची, बाप एमआयडीसीत नोकरीला, पोरगी इंजिनिअर. स्वभावानं गरीब, पण गुरांच्या बाबतीत कोरी पाटी. आणि वरच्या खोलीत राहायची नसेरियन. ती भाडेकरू. आफ्रिकेतली, केनिया देशातली, मासाई जातीची पोरगी. उंच, सडसडीत, जवळच्या विद्यापीठात जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करत होती. पहिल्या दिवशी कृष्णाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "पाणी कुठं हाय हे विचारायला इतक्या लांब आली? आमच्यात पायाळू माणूस नारळ घिऊन सांगतो."

त्यांची सोयरीक जुळली ती मागच्या खिडकीत. घराच्या मागं लाकडी कुंपण होतं आणि कुंपणापलीकडं एक रान शिल्लक होतं. त्यात लांब शिंगांच्या गाई चरायच्या. कृष्णाबाई सकाळचा चहा त्याच खिडकीत उभ्यानं प्यायच्या. एका सकाळी बघतात तर ही पोरगी आधीच तिथं उभी, हातात कप, नजर गाईंवर. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग नसेरियननं एका तांबड्या गाईकडं बोट दाखवलं आणि मागचा उजवा पाय किंचित उचलून लंगडल्यासारखं केलं. कृष्णाबाईंनी बारीक नजरेनं पाहिलं. खरंच, गाय तो पाय जपत होती.

"आगं, तुला कळतं की!" कृष्णाबाई म्हणाल्या.

त्या गाई दुधाच्या नव्हत्या, कुणी त्यांच्याकडं फिरकायचंही नाही. आश्लेषानं सांगितलं, रानात गाई दाखवल्या की शेतीची जमीन धरतात, कर कमी बसतो. घरं बांधणाऱ्या कंपनीनं जमीन कधीच घेतलीय, बांधकाम निघालं की गाई जातील.

"म्हंजे गाईबी व्हिसावरच हायती की," कृष्णाबाई म्हणाल्या. आश्लेषानं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा नसेरियन एवढी हसली, की तिचा चहा सांडला.

एकदा जेवताना आश्लेषानं तिला सहज विचारलं, तुमच्या घरी गाई किती? नसेरियन भाताकडं बघत "आहेत" एवढंच म्हणाली. कृष्णाबाईंनी विचारलं, "काय इचारलंस तिला?" आणि कळल्यावर सुनेवर असे डोळे वटारले, की आश्लेषानं हातातला घास परत ताटात ठेवला. "जित्राबाचा आकडा इचारतात व्हय? नजर लागती. आपल्या आज्ज्यानं कधी मोजली न्हाईत मेंढरं. एक कमी असलं तर त्याला तसंच कळायचं, तोंडं वळखून." आश्लेषानं हे इंग्रजीत सांगितल्यावर नसेरियननं पानावरून मान वर केली. त्यांच्यातही गाई मोजत नाहीत, नावानं आणि रंगानं ओळखतात. त्या दिवसापासून ती कृष्णाबाईंना "आजी" म्हणायला लागली. मराठीतला तेवढा एकच शब्द तिनं उचलला, पण खणखणीत उचलला.

नसेरियनची आई तिकडं गावी गाई राखायची. पोरगी तिला "येयो" म्हणायची, म्हणजे आईच. इथं सकाळ झाली की तिकडं दिवस कलायचा, आणि येयो मोबाइलवर दिसायची. कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबणाऱ्या, गळ्यात मण्यांच्या चकत्या, मागं नुसती धूळ. कृष्णाबाई पहिल्यांदा समोर आल्या तेव्हा येयोनं त्यांना निरखलं आणि पचकन मोबाइलवर थुंकली.

कृष्णाबाई ताडकन मागं सरल्या. नसेरियन घाईघाईनं सांगायला लागली, आणि आश्लेषा हसू दाबत म्हणाली, "आई, तो आशीर्वाद आहे! मोठी माणसं असंच आशीर्वाद देतात त्यांच्यात."

"असं व्हय? मग आमच्या भावकीनं मला जल्मभर लई आशीर्वाद दिले म्हणायचं," कृष्णाबाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसून पुन्हा समोर बसल्या.

पण श्रावण सरला तशी येयोची बोलणी आखूड झाली. नसेरियन फोन ठेवून जिन्यात बसून राहायला लागली. एका सकाळी कृष्णाबाईंनी आश्लेषाला मीटिंगमधून ओढून बाहेर काढलं. "तुझ्या मीटिंगला आग लागू दे. पोरगी काल जेवली न्हाई. इचार तिला काय झालंय, आन् मला नीट सांग. गाळू नगं."

नसेरियननं सांगितलं आणि आश्लेषानं न गाळता मराठीत आणलं.

तिच्या लहानपणी तिकडं कुंपण नावाची गोष्ट नव्हती. डोंगरापासून दलदलीपर्यंतची सगळी जमीन साऱ्यांची मिळून होती. दलदल म्हणजे बारमाही ओल, उंच गवत. पाऊस असला की गाई माळावर, पाऊस गेला की दलदलीला. हत्ती, झेब्रे, हरणं त्याच वाटेनं जायची, कुणी कुणाला अडवत नव्हतं. मग सरकारी माणसं आली आणि म्हणाली, जमीन वाटून घ्या, प्रत्येकाच्या नावावर करा. सगळ्यांना आनंद झाला. ज्याच्या-त्याच्या हातात कागद आला. ज्याच्या हातात कागद आला त्याला गिऱ्हाईक आलं. एकानं विकली, दुसऱ्यानं भाड्यानं दिली, तिसऱ्यानं टोमॅटो लावले. आता मधल्या सगळ्या पट्ट्यावर शहरातल्या एका कंपनीची परदेशी फळांची बाग आहे. चारी बाजूंनी तार, तारेत वीज. हरणं तारेत अडकून सुकतात. हत्तींना वाट सापडत नाही, ते वस्तीत शिरतात आणि मग माणसं मरतात किंवा हत्ती. बागेनं एवढे बोअर मारलेत, की दलदलसुद्धा कडेनं आत आत सरकायला लागली. आणि ह्या बाजूचा माळ? गाई पूर्वी एका जागेवर चरून पुढं जायच्या, माघारी येईतोवर गवत वर यायचं. आता पुढं जायलाच नाही. त्याच त्याच जागी चरून माळ खरवडून निघालाय, टक्कल पडल्यागत.

"आन् तुझ्या आईच्या गाई?"

येयोच्या गाई तारेच्या अलीकडं होत्या. पाणी आणि गवत पलीकडं. जुन्या वाटेवर बागेचं एक फाटक होतं. आजवर हातापाया पडलं की राखणदार गाई सोडायचा. यंदा फाटकाला साखळी पडली होती.

आणि त्या साखळीची किल्ली, म्हटलं तर, नसेरियनच्याच हातात होती. दलदलीच्या काठाला तिच्या वारलेल्या बापाचा एक तुकडा होता. तिघांच्या नावावर, आई, भाऊ आणि ती. दलदलीच्या पाण्याला टेकलेली, तार न लागलेली तेवढीच जागा उरली होती. सगळ्या वस्तीच्या गाई तिथंच पाण्याला उतरायच्या. कंपनीला तो तुकडा हवा होता, पंप बसवायला. भाऊ सिरोंका तयार होता. येयो म्हणायची, पोरगी शिकलीय, ती म्हणेल ते. कंपनीनं निरोप धाडला होता, तिघांचा होकार द्या, आम्ही यंदा फाटक उघडतो.

कृष्णाबाईंनी ते मनाशी जुळवून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे आज पाणी पाजायचं, तर उद्याचं पाणी देऊन टाकायचं."

"हो," नसेरियन म्हणाली. तिला ते भाषांतराशिवायच कळलं असावं.

"मग तुझ्या आईनं काय ठरवलंय?"

येयोनं ठरवलं होतं की शेजाऱ्यांबरोबर गाई घेऊन डोंगराला वळसा घालून लांबच्या वाटेनं जायचं. वाट वाईट होती, मध्ये पाणी नव्हतं. पण गाईंच्या अंगात अजून थोडा जोर होता. पहाटे निघायचं होतं.

आता कृष्णाबाई उभ्या राहिल्या. पाच महिने त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. कुठला टीव्ही लावू आणि भाजी कुठली करू, एवढंच. आणि इथं तर त्यांच्या घराण्याचा धंदा समोर आला होता. त्यांनी पदर खोचला.

"लांबची वाट कशापायी? अर्धी गुरं वाटंतच पडतील. पोरी, ऐक. आमी धनगर. दिवाळी झाली की आमचा वाडा हलायचा. चार भिंतींचा न्हवं, चालता वाडा. माणसं, घोडी, कुत्री, कोंबड्या, मेंढरं. पार नदीकाठापातूर जायचो. लोकांच्या रानांतनं जायचो, पण वाट कधी मागितली न्हाई. शेतकरी हात जोडून हुबं राहायचे, आजी, आज माझ्या रानात बसवा. रातभर मेंढरं एका रानात बसली की त्या रानाला पुढं खत लागत न्हाई. सकाळी पदरात ज्वारी घालायचे, वर च्या पाजायचे. तवा तुझ्या आईला सांग, भीक मागू नगं. फाटकावर जा, आन् त्या कंपनीवाल्याला म्हण, माझी गुरं दोन राती तुझ्या बागेत बसवती. शेण तुझं, वाट माझी. झाडाखाली असं सोनं पडंल, की पुढच्या साली तूच बोलवायला येशील."

नसेरियनचे डोळे चमकले. तिला ते पटलं. त्यांच्यातही जुन्या गोठ्याच्या जागेवर सगळ्यात हिरवं गवत उगवतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

आश्लेषा मात्र चुळबुळली. "आई, पण आता आपल्याकडे तरी कोण मेंढरं बसवतं? ते द्राक्षवाले, ड्रिपवाले…"

"तू गप. मेंढराचं शेपूट वर असतंय का खाली, तेवढं सांग आधी."

आश्लेषाला ते खरंच माहीत नव्हतं.

येयोला फोन लागला. तिनं ऐकून घेतलं, खोदून खोदून विचारलं. ही म्हातारी खरंच गुरांतली आहे का? खरंच असं करतात तिच्या देशात? नसेरियननं कृष्णाबाईंकडं पाहिलं. कृष्णाबाईंनी छातीवर हात ठेवला. पहाटे शेजारी डोंगराच्या वाटेनं निघाले, आणि येयो तिच्या गाई घेऊन फाटकाकडं वळली.

त्यानंतरचे दिवस कृष्णाबाई घरात अशा फिरत होत्या, जशी वाड्याची मालकीण पुढच्या मुक्कामाची तयारी करते. बाजरीची भाकरी थापली, नसेरियनला समोर बसवून खायला घातली. सिद्धेशला सांगितलं, "तुझ्या आईच्या अकलेवर आता दुसऱ्या देशातली गुरं चालाय लागली." तो म्हणाला, "आई, तू कन्सल्टंट झालीस." तो शब्द काय ते कळलं नाही, पण मान मोठा वाटला.

तिकडं राखणदार म्हणाला, मला काय विचारता, मॅनेजर येऊ दे. मॅनेजर शहरात गेलेला. तो आला तर म्हणाला, वर विचारतो. वरच्यांनी उद्या सांगतो म्हटलं. गाई फाटकासमोर उन्हात उभ्या. समोर तारेपलीकडं गर्द हिरवी झाडं, थेंब थेंब पाणी पिणारी, आणि त्यांचा वास वाऱ्यावर येत होता. वास आला की गाई हंबरायच्या. ते हंबरणं फोनमधून ह्या गार घरात यायचं आणि कृष्णाबाई ताट सारून उठायच्या.

मग एका सकाळी सिरोंकाचा फोन आला. नसेरियननं तो स्पीकरवर टाकला. भाऊ आधी हसला, मग ओरडायला लागला. नसेरियन मध्येमध्ये इंग्रजीत सांगत होती आणि आश्लेषा दारात उभी राहून ते तुकड्यातुकड्यानं मराठीत आणत होती.

"तो म्हणतोय, कंपनीनं नाही म्हटलं. त्यांची फळं परदेशात जातात. बागेत कच्चं शेण चालतच नाही. तपासणीत सापडलं तर सगळा माल रिजेक्ट होतो. मॅनेजर म्हणाला…" आश्लेषा अडखळली.

"काय म्हणाला? गाळू नगं म्हटलंय ना!"

"म्हणाला, ही शेणाची आयडिया कुणाची? आमच्याकडे खत पोत्यातून येतं."

कृष्णाबाई खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. शेणाला नको म्हणणारा शेतकरी! त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याऐवजी आठवला एक द्राक्षाचा मळा. गेल्या खेपेला त्या स्वतः मेंढरांमागं होत्या तेव्हाची गोष्ट. तासगावच्या अलीकडं, ज्याच्या बापानं आणि आज्ज्यानं त्यांची मेंढरं बसवून घेतली होती, त्याच घरातला तरणाताठा पोरगा बांधावर आडवा उभा राहिला होता. "आजी, मेंढरं लांबनं न्या. नळ्या तुटत्यात." त्याला त्यांनी शिव्या घातल्या होत्या, त्याच्या द्राक्षांना, त्याच्या नळ्यांना, त्याच्या होणाऱ्या लेकरांना. आणि मग मेंढरं लांबनं नेली होती. त्यानंतर कुणीच बोलावलं नव्हतं. हे त्यांना माहीत होतं. चांगलं माहीत होतं. नुसतं जिभेवर येऊ दिलं नव्हतं.

आश्लेषा त्यांच्याकडं बघत होती. ती "मी म्हटलं होतं" असं म्हणाली असती, तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पाणी आणून ठेवलं.

नसेरियननं आईला फोन लावला. चित्र हललं, धूळ, आभाळ, मग जमीन. जमिनीवर एक कपिली गाय बसलेली. येयो तिचं शेपूट धरून वर ओढत होती, दुसरी एक बाई पोटाखाली खांदा लावत होती. गाय अर्धी उठली आणि पुढचे गुडघे मोडून पुन्हा बसली.

बसलेलं जनावर म्हणजे काय, हे कृष्णाबाईंना कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

"लांबच्या वाटंनं आता न्हाई जमत?" त्यांनी विचारलं.

नाही. शेजारी कालच पाण्यावर पोचले होते. त्यांची काही वाटेत गेली, पण पुष्कळशी पोचली. येयोच्या गाईंत आता तेवढा जोर नव्हता. फाटकावर उभं राहून राहून तो गेला होता.

"मी जाते," नसेरियन म्हणाली. "तिकीट काढते आणि जाते."

"जाऊन काय करशील?" आश्लेषा हळू म्हणाली. "पोहोचेपर्यंत… आणि सध्या बाहेर गेलीस तर परत आत घेतील याची गॅरंटी नाही. तुझा व्हिसा…"

"मग तार तोडा म्हणावं!" कृष्णाबाई एकदम ओरडल्या. "बाया हायती, कुऱ्हाडी असतील घरात. तोडा आन् घुसवा गुरं!"

हे ऐकून नसेरियननं नुसती मान हलवली. तारेत वीज होती, हत्ती लोळेल अशी. राखणदाराकडं बंदूक होती. मागच्या उन्हाळ्यात तिच्या चुलतभावानं तार तोडली होती, तो अजून कोठडीत होता.

बाहेर कुणाची तरी हिरवळीवरची कारंजी आपोआप सुरू झाली. फवारा अर्धा गवतावर, अर्धा रस्त्यावर पडत होता. पाणी वाहत वाहत गटाराच्या जाळीत चाललं होतं. तिघीही तिकडं बघत होत्या, आणि तिघींनीही तिकडं बघणं सोडलं.

फोनमध्ये येयो बोलायला लागली. आवाज चढलेला नव्हता. आश्लेषानं विचारलं, काय म्हणते? नसेरियननं सांगितलं, "म्हणते, ती पांढऱ्या पाठीची सकाळी गेली. वाकड्या शिंगाची तिच्याशेजारीच बसलीय, उठत नाही. म्हणते, मी तुला हो म्हण असं सांगणार नाही आणि नको म्हण असंही सांगणार नाही. बापाची जमीन आहे."

आणि पोरगी तशीच बसून राहिली, फोन मांडीवर. हो म्हणावं तर वस्तीची शेवटची पाण्याची जागा स्वतःच्या हातानं तारेत घालायची, आणि सगळ्या शेजाऱ्यांनी आईच्या दाराकडं पाठ करायची. नको म्हणावं तर आईनं एकेक शेपूट धरून ओढत बसायचं. इकडं आड आणि तिकडं विहीर, आणि दोन्हींत पाणी दुसऱ्याचं.

कृष्णाबाईंनी उठून तिच्या शेजारी बैठक मारली, खाली गालिच्यावर, जशी शेकोटीजवळ मारतात.

"हो म्हण," त्या म्हणाल्या.

आश्लेषानं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. भाषांतर करायला तिची जीभ उचलेना.

"सांग तिला. हो म्हण म्हणावं."

"आजी," नसेरियन इंग्रजीत म्हणाली, आणि आश्लेषानं ते मराठीत आणलं, "तुम्हीच म्हणालात, हे म्हणजे उद्याचं पाणी देऊन टाकणं."

"म्हणाले. आता म्हणतीया, दे."

"का?"

"मेलेल्या जित्राबाला वाट कशाला लागती?" कृष्णाबाई म्हणाल्या. "जमीन धरून बसलीस तर उद्या पाणी तुझं राहील आन् पाण्यावर न्यायला तुझ्याकडं काय न्हाई राहणार. माझं ऐकून तुझ्या आईनं गुरं फाटकावर उभी केली. आता माझं ऐकून हलीव. ह्याच्यापरीस चांगलं काय माझ्याकडं न्हाई."

हे ऐकून नसेरियननं भावाला फोन लावला. कंपनीच्या माणसाला तिचं बोलणं मोबाइलवर टिपून हवं होतं, चेहऱ्यासकट. ती भिंतीला टेकून ताठ बसली. तिच्या भाषेत तिनं स्वतःचं नाव सांगितलं, मग बापाचं, मग बापाच्या बापाचं. पुढचं वाक्य छोटं होतं. ते बोलताना ती फोनकडं बघत नव्हती, मागच्या खिडकीकडं बघत होती.

तिकडं दिवस बुडायला आला तेव्हा फाटक उघडलं.

येयोनं कुणाच्या तरी हातात मोबाइल दिला होता, आणि ते कुणीतरी तो तारेच्या खांबाला टेकवून उभं होतं. साखळी सुटली. पहिल्यांदा गाई हलल्याच नाहीत. एवढे दिवस बंद असलेल्या गोष्टीवर जनावर एकदम विश्वास ठेवत नाही. मग एका काळ्या बैलानं नाक वर केलं, आणि सगळा कळप धुळीचा लोट उठवत आत घुसला. दोन्हीकडं फळझाडांच्या रांगा, मध्ये लाकडी आडवे बार लावून केलेली अरुंद गल्ली. बागेचे लोक हातात काठ्या घेऊन उभे होते, गाय रांगेत तोंड घालू नये म्हणून. एका माणसाच्या हातात फावडं आणि पोतं होतं. गाईंच्या मागं चालत तो पडलेलं शेण लगोलग उचलत होता.

कृष्णाबाई त्या माणसाकडं बघत राहिल्या.

"खरंच गोळा करतोय," आश्लेषा पुटपुटली.

"बघतीया. आंधळी न्हाई मी."

तारेच्या अलीकडं, फाटकापासून थोडं लांब, दहाबारा झेब्रे उभे होते. कळपाच्या मागोमाग त्यांनीही दोन पावलं टाकली. राखणदारानं हवेत काठी फिरवली. ते थांबले आणि तारेच्या कडेकडेनं चालू लागले, खाली मान घालून, ज्या दिशेला काही नव्हतं त्या दिशेला.

येयो सगळ्यात मागून आली. कपिलीला चौघीजणींनी उचलून एका गाड्यावर घातलं होतं. वाकड्या शिंगाची बसल्या जागीच राहिली. येयो फाटकात थांबली, मागं वळून तिच्याकडं तिनं काही म्हटलं, आणि आत गेली. राखणदारानं साखळी ओढली.

मोबाइल पुन्हा येयोच्या हातात आला. अंधारात तिचे मणी तेवढे दिसत होते. ती चालता चालता बोलत होती, धाप लागलेली होती. बोलता बोलता तिनं एकदम विचारलं, ती म्हातारी तिथं आहे का?

"आहे," नसेरियन म्हणाली.

येयोनं काहीतरी विचारलं. नसेरियननं ते लगेच सांगितलं नाही. आश्लेषानं विचारल्यावर सांगितलं.

"ती विचारते, पुढच्या उन्हाळ्यासाठी आजींकडे दुसरी काही युक्ती आहे का."

त्यात टोमणा होता की खरंच विचारणा होती, हे आश्लेषाला कळेना. कृष्णाबाईंना कळलं. त्या स्वतः असत्या तर त्यांनी अगदी असंच विचारलं असतं, आणि दोन्ही अर्थानं विचारलं असतं.

त्यांनी तोंड उघडलं. सत्तर वर्षांत त्या तोंडानं कधी उत्तर कमी पडू दिलं नव्हतं, पाटलाला नाही, फॉरेस्टवाल्याला नाही, नवऱ्याला तर नाहीच.

"न्हाई म्हणून सांग," त्या म्हणाल्या.

नसेरियननं ते आईला सांगितलं. एवढासा शब्द, पण तिच्या भाषेत सांगायला तिला बराच वेळ लागला. पलीकडून येयो मध्येमध्ये हुंकार देत ऐकत राहिली, आणि तिच्यापुढं गाईंच्या खुरांखाली दलदलीचा चिखल वाजायला लागला.